नागरी अक्षर : खिळा, कागद आणि संकेत

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत 'इलेक्ट्रॉनिक सिटी' या नावाची औद्योगिक वसाहत आहे. कर्नाटक राज्याच्या 'केऑनिक्स' या इलेक्ट्रॉनिकी महामंडळाने १९७८ च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या हद्दीतील ३३२ एकर जमिनीवर ती वसवली. येथील कचेऱ्यांतून देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे काम करतात. त्यांत मराठी भाषकही आहेत. अशा एखाद्या मराठी माणसाने संगणकावर 'मूर्ती' हा शब्द लिहायचे ठरवले, तर त्याला सहा कळा दाबाव्या लागतात : म, दुसरा उकार, र, पायमोड, त आणि दुसरी वेलांटी. पडद्यावर मात्र ही सहा चिन्हे एकापुढे एक उभी राहत नाहीत. उकार 'म'च्या पायाशी जातो. 'र' आपले रूप टाकून रफार होतो आणि पुढच्या वेलांटीच्या माथ्यावर चढतो. सर्वांवरून एक अखंड शिरोरेषा ओढली जाते.

लिहिणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण हाताने लिहितानाही तो हेच करतो. परंतु जे हाताला सहज साधते ते यंत्राकडून करवून घेण्यासाठी दोनशे वर्षे खर्ची पडली. या काळात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे येत राहिला : यंत्रासाठी लिपीने आपले रूप बदलावे, की लिपीसाठी यंत्राने? महाराष्ट्रातील मुद्रणकलेचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नाला कारागिरांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

बोरू आणि हातकागद

नागरी अक्षराचे वळण बोरूने घडवले आहे. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते. त्या छाटणीच्या कोनामुळे एका दिशेने ओढलेली रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेने ओढलेली बारीक. रोमन अक्षरांची लेखणी ज्या कोनात धरली जाते त्याच्या नेमका उलट कोन नागरीसाठी लागतो. म्हणून दोन्ही लिप्यांत जाड व बारीक रेघांची वाटणी एकमेकींच्या विरुद्ध असते. ज्यांनी रोमन अक्षरांच्या सवयीने नागरी अक्षरे रेखाटली, त्यांची अक्षरे परकी वाटली, याचे कारण येथे आहे.

बोरू सरळ चालायचा तर कागद गुळगुळीत हवा. दख्खनमध्ये जुन्नर आणि दौलताबाद ही हातकागदाची जुनी केंद्रे होती. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावच या व्यवसायावरून पडले. चिंध्या आणि जुनी दोरखंडे कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला झिलई आणायची, असा तो क्रम होता. खळीमुळे शाई कागदात पसरत नसे, घोटाईमुळे बोरू अडखळत नसे. पेशवे दफ्तरातील असंख्य कागद अशाच हातकागदावर, बहुतांशी मोडी लिपीत लिहिलेले आहेत. विसाव्या शतकात ही कला लयास जाऊ लागली तेव्हा पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. के. बी. जोशी यांनी तेथे या व्यवसायाला शास्त्रीय बैठक दिली.

अक्षराचे तुकडे

छापखाना महाराष्ट्रात येण्यापूर्वी मराठी अक्षरे बंगालमध्ये छापली गेली. श्रीरामपूरच्या मिशनमध्ये विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण नागरी खिळ्यांत छापले. १८१० साली त्यांनी मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरले. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने व त्याच्या शिष्यांनी श्रीरामपूरच्या ओतशाळेत पूर्वेकडील अनेक लिप्यांचे खिळे घडवले.

मोडी ही मराठी माणसाची नित्याची लेखनलिपी होती. नागरी, म्हणजे बाळबोध, ही मुख्यतः पोथ्यांची लिपी होती. मोडीचे सौंदर्य हात न उचलता लिहिण्यात होते. एक अक्षर पुढच्या अक्षरात मिसळून जाई. धातूच्या खिळ्याला हे मिसळणे मानवत नाही. त्याला प्रत्येक अक्षर सुटे हवे. छापील पुस्तकांसाठी बाळबोध स्थिरावली, शाळेतील क्रमिक पुस्तके त्याच लिपीत निघाली, आणि काही पिढ्यांत मोडी वाचणारा माणूस दुर्मिळ झाला. यंत्रापुढे लिपीने हार खाल्ल्याचे मराठीतील हे पहिले आणि सर्वांत मोठे उदाहरण होय. त्याची किंमत दफ्तरातील लक्षावधी कागद आजही चुकवीत आहेत, कारण ते वाचू शकणारे अभ्यासक थोडे आहेत.

बाळबोधही सहजासहजी धातूत उतरली नाही. इंग्रजी मजकूर जुळवण्यास मोठी व लहान अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे धरून शंभर-सव्वाशे खिळे पुरतात. नागरीत प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांट्या, उकार लागतात आणि वर जोडाक्षरे असतात. प्रत्येक संयोगाचा स्वतंत्र खिळा ओतायचा झाला, तर त्यांची संख्या हजारांवर जाईल. तेव्हा अक्षराचे तुकडे करणे भाग होते. प्रश्न एवढाच होता, की अक्षर कोठे तोडायचे.

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचा कसून विचार केला. त, म, न, प, स अशा अक्षरांना उजवीकडे उभा दंड असतो. तो काढला की अर्धे अक्षर मिळते, आणि ते कोणत्याही पुढच्या अक्षराला जोडता येते. 'स्त', 'म्प', 'न्य' यांसाठी वेगळे खिळे लागत नाहीत. द, ट, ड, ह या दंड नसलेल्या अक्षरांना ही युक्ती लागू पडत नाही. म्हणून द्ध, द्व, ट्ट, ह्म यांचे खिळे स्वतंत्रच राहिले.

मात्रा आणि उकार यांच्यासाठी दोन पद्धती रूढ झाल्या. 'डिग्री' पद्धतीत एक ओळ तीन थरांत जुळवीत : मधल्या थरात अक्षरे, वरच्या थरात मात्रा-अनुस्वार, खालच्या थरात उकार. यात खिळे कमी लागत, परंतु वेळ फार जाई आणि थरांच्या सांध्यात शिरोरेषेजवळ फट दिसे. 'अखंड' पद्धतीत अक्षराचा खिळा पूर्ण उंचीचा असे, आणि मात्रेचा टोकाचा भाग आपल्या खिळ्याबाहेर झुकून शेजारच्या अक्षरावर विसावत असे. छपाई सुबक होई. पण हा झुकलेला नाजूक भाग दाबाखाली मोडे. जुन्या मराठी पुस्तकांत एखादी मात्रा तुटलेली किंवा अनुस्वार नाहीसा झालेला दिसतो, तो पुष्कळदा मुद्रितशोधकाचा प्रमाद नसून मोडलेल्या खिळ्याची खूण असतो.

जावजी दादाजींची ओतशाळा

मराठी मुद्रणाची सुरुवात साध्या घरातून आलेल्या माणसांच्या हातून झाली. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ साली मराठीतील पहिले छापील पंचांग काढले. छापलेल्या शाईत चरबी असेल या शंकेने सनातनी मंडळी पुस्तकाला शिवत नसत. तेव्हा धर्मग्रंथांसाठी त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. पुढे त्यांनी खिळेही पाडले.

या परंपरेला पूर्णत्व दिले ते जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांनी. लहानपणी अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला ते लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली मुंबईत 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे अक्षर कोरण्यात निष्णात होते. निर्णयसागरच्या अक्षराची कीर्ती त्यांच्या हाताची आहे.

हे काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम मऊ केलेल्या पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरीत. कानस व कोरणीने एक केसाएवढा भाग काढायचा, टोक दिव्यावर धरून काजळी धरवायची, कागदावर ठसा उमटवून पाहायचे, पुन्हा कोरायचे. अक्षर मनासारखे उतरले की पोलादाला पाणी देऊन ते कठीण करायचे आणि तांब्याच्या तुकड्यात ठोकायचे. तांब्यात पडलेला हा खोलगट साचा म्हणजे मातृका. ती साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार होई. शिशामुळे धातू लवकर वितळे, अँटिमनीमुळे तो कठीण होई, कथिलामुळे अक्षराच्या कडा स्वच्छ उतरत. प्रत्येक खिळ्याची उंची ०.९१८ इंच असावी लागे. एखादा खिळा किंचित उंच राहिला तर तो कागद फाडी, आणि बुटका राहिला तर त्याचे अक्षर पुसट येई.

निर्णयसागरच्या अक्षरात बोरूचे वळण कायम होते, गाठी मोकळ्या होत्या आणि जोडाक्षरांत कसर केलेली नव्हती. या छापखान्याची 'काव्यमाला' १८८६ पासून निघू लागली. तिच्यामुळे आणि इतर संस्कृत ग्रंथांमुळे हे अक्षर देशभर आणि परदेशांतील विद्यापीठांतही गेले. अ, झ आणि ण ही अक्षरे उत्तरेकडे पूर्वी वेगळ्या आकारांत लिहिली जात. पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेतही त्यांची मुंबई वळणाची रूपे स्वीकारली गेली.

जुळाऱ्याचा दिवस

ओतशाळेतील कारागिराचे काम एकदाच होई. जुळाऱ्याचे रोज असे. इंग्रजी जुळाऱ्यापुढे दोन केसी असत. मराठी जुळाऱ्यापुढे त्याहून अधिक केसी मांडलेल्या असत आणि त्यांतील चारशेहून अधिक खणांतून त्याला खिळे वेचावे लागत. केवळ दुसऱ्या वेलांटीचे उदाहरण घ्यावे. 'गती' या शब्दात वेलांटी एकटी येते, 'गतींचा' यात तिच्यावर अनुस्वार असतो, 'मूर्ती' यात रफार असतो आणि 'मूर्तींचा' यात रफार व अनुस्वार दोन्ही. अखंड पद्धतीत या चार वेलांट्यांचे चार निरनिराळे खिळे. हे सर्व उलटे वाचायचे, उभ्याने जुळवायचे आणि छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा धुऊन आपापल्या खणात परत टाकायचा.

वृत्तपत्रांना हा वेळ परवडत नसे. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'केसरी'च्या छपाईसाठी नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग मनावर घेतला. त्यांच्या योजनेतून पुढे सुमारे १९० खिळ्यांचा संच तयार झाला. राजकारणाच्या धामधुमीत त्यांनी या कामाला वेळ दिला, यावरून त्या काळी हा प्रश्न केवळ छापखान्याचा मानला जात नव्हता हे दिसते. मजकूर लवकर आणि स्वस्तात छापता आला, तरच देशी भाषेतील वृत्तपत्र इंग्रजीपुढे टिकणार होते.

लिपीसुधारणेचा वाद

यंत्रजुळणी आल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. लायनोटाइप यंत्र कळ दाबताच मातृका ओळीत आणून संपूर्ण ओळ एकसंध ओतते. परंतु त्याच्या कळफलकावर कळा फक्त ९०. शिवाय त्यात मातृका शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीचा भाग दुसरीवर झुकू शकत नाही. १९३० च्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये या यंत्रासाठी नागरीची योजना केली. काम जलद होऊ लागले, पण मात्रा व उकार आपल्या अक्षरापासून किंचित सरकले.

यंत्र एवढेच करू शकत असेल तर लिपीनेच साधे व्हावे, असे पुष्कळांना वाटू लागले. विनायक दामोदर सावरकर यांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली : इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे सोडून 'अ'लाच वेलांटी व उकार देऊन अि, अी, अु, अू असे लिहावे. काका कालेलकर यांच्या पुढाकाराने नवजीवन प्रकाशनाच्या नागरी पुस्तकांतूनही ही रूपे वापरली गेली. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, थोडी आखूड करून लिहावी असे ठरवले, कारण उच्चारात नंतर येणारे चिन्ह आधी जुळवणे यंत्राला गैरसोयीचे होते. वाचकांनी हा बदल पत्करला नाही. काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला.

सुधारकांचा हेतू चांगला होता. साक्षरतेचा प्रसार करायचा तर पुस्तके स्वस्त हवीत, हा त्यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून निसटली. लिपीची सवय डोळ्यांना लागलेली असते, आणि ती घालवण्याचा खर्च यंत्र बदलण्याच्या खर्चाहून अधिक असतो. यंत्रे पुढे बदललीच. ज्या लायनोटाइपसाठी वेलांटी हलवायची होती, ती यंत्रे काही दशकांत भंगारात गेली. वेलांटी मात्र जागची हलली नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी १९६२ साली उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. तो बदल टिकला, कारण त्याचा आधार भाषेत होता. त्यामुळे खिळ्यांचा एक मोठा भार हलका झाला, हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

कागदाचे आयुष्य

अक्षर कितीही चांगले कोरले तरी ते टिकते कागदाच्या आयुष्याएवढेच. चिंध्यांच्या हातकागदातील तंतू लांब व बळकट असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणीकागद आला. त्याला शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळेची खळ देत. तुरटीमुळे कागदात आम्ल साचते, आणि ते तंतू हळूहळू तोडते. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीचा हातकागदावरील रुमाल सुस्थितीत आढळतो, तर शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीचे पान बोट लावताच मोडते. कोणत्याही जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटात हा विरोध प्रत्यक्ष पाहता येईल. अशी पुस्तके कोरड्या, थंड जागी ठेवणे आणि वेळीच त्यांची प्रतिमा घेऊन ठेवणे एवढेच ग्रंथपालाच्या हाती असते.

कागदाचा अक्षराच्या आकारावरही परिणाम होतो. वृत्तपत्राच्या सच्छिद्र कागदावर शाई पसरते. 'ध' आणि 'घ', 'म' आणि 'भ' यांतील फरक दाखवणाऱ्या लहान गाठी भरून जातात. म्हणून वृत्तपत्राचे अक्षर अधिक मोकळे आणि कमी जाडीचे असावे लागते. चांगला मुद्रक आधी कागद हातात घेऊन पाहतो आणि मग अक्षर निवडतो.

संकेत आणि आकार

संगणकाने या जुन्या कोड्याची मांडणीच बदलली. खिळ्यात अक्षराची ओळख आणि त्याचा आकार या दोन गोष्टी एकाच धातूत ओतलेल्या होत्या. संगणकात त्या वेगळ्या करता आल्या. 'त' हे अक्षर कोणते, हे एका संकेतांकाने सांगायचे. ते पूर्ण उमटायचे की अर्धे, हे शेजारी कोण आहे ते पाहून संगणकाने ठरवायचे. भारतीय लिप्यांसाठीचा 'इस्की' हा संकेत १९८८ साली सिद्ध झाला आणि १९९१ साली त्याला भारतीय मानकाचे रूप मिळाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या 'सीडॅक' या संस्थेने या तंत्राचा प्रसार केला. युनिकोड या जागतिक संकेतातील देवनागरीची मांडणीही इस्कीवर आधारलेली आहे.

मधला काळ गोंधळाचा गेला. निरनिराळ्या संचांनी आपापले संकेत ठरवले होते. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. विंडोज २००० या प्रणालीबरोबर 'मंगल' हा युनिकोड अक्षरसंच आला आणि ही अडचण हळूहळू दूर होऊ लागली. 'मंगल'चे रेखन रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांचे. जाहिरातक्षेत्र, मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील अध्यापन आणि सुलेखन या तिन्ही वाटांनी ते अक्षराकडे आले होते. बोरू हाती धरणारा माणूसच संगणकाचे अक्षर घडवू शकतो, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

तरीही मराठीचे काही प्रश्न उरले. हिंदीत जे लागत नाही असे एक चिन्ह मराठीत लागते : अर्ध्या 'र'चे चंद्रकोरीसारखे रूप. ते नसेल तर 'आचाऱ्यांना' दिलेला निरोप 'आचार्यांना' पोहोचेल आणि डोंगरातील 'दऱ्या' समुद्राचा 'दर्या' होतील. या चिन्हाची तरतूद संकेतात करावी लागली. 'ल' आणि 'श' यांचाही प्रश्न असाच. मराठी वळणाचा 'ल' दोन पाकळ्यांचा असतो. हिंदी वळणाचा दंडाला जोडलेला. संगणकावरील बहुतेक संच हिंदी वळणाचे असल्याने शाळेत शिकवलेले अक्षर मुलांना पडद्यावर सापडेना. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने लेखनासाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा वापर करण्याचे आदेश दिले. या आदेशाला अर्थ आहे तो आता यंत्राची सबब उरलेली नाही म्हणून. एकाच संकेताला मराठीत एक आणि हिंदीत दुसरा आकार देणे आज शक्य आहे. उणीव असेल तर ती इच्छेची.

या कहाणीचा एक धागा पुन्हा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जातो. तेथे मुख्यालय असलेली इन्फोसिस ही संस्था १९८१ साली पुण्यात स्थापन झाली होती. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांच्या कुटुंबाने दिलेल्या देणगीतून हार्वर्ड विद्यापीठ मुद्रणालयाची अभिजात भारतीय ग्रंथांची माला निघाली. तिचे पहिले खंड २०१५ साली प्रसिद्ध झाले. तिच्यासाठी फियोना रॉस आणि जॉन हडसन यांनी नागरी अक्षर नव्याने रेखाटले तेव्हा निर्णयसागरने रूढ केलेले वळण समोर ठेवले. त्याच अक्षरापासून पुढे 'टिरो देवनागरी मराठी' हा संच तयार झाला. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत आणि तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

राणोजी आरूंनी काजळी धरवून तपासलेले वळण अशा रीतीने, धातूचा स्पर्श नसलेल्या पडद्यावर, पुन्हा वाचकापुढे आले आहे. मधल्या शंभर वर्षांत ज्या ज्या यंत्राने त्या वळणाला मुरड घालण्याचा आग्रह धरला, ते यंत्र आज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढेही नवी यंत्रे येतील आणि आपल्या सोयीचे मागणे मांडतील. तेव्हा त्या मागण्यांपैकी कोणती मानावी आणि कोणती नाकारावी हे ठरवण्यासाठी अक्षर कसे घडते, याचे ज्ञान अक्षर वाचणाऱ्यालाही असणे आवश्यक आहे.